बिगूल, स्तंभ आणि सिंह

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर दोन तलवारी आहेत, ढाल आहे आणि वर अशोकस्तंभाचे सिंह आहेत. इथवर मराठी माणसाला कुणी काही समजावून सांगायला नको. पण त्याच बिल्ल्यावर एक बिगूलही आहे आणि त्याचा सह्याद्रीशी काडीचा संबंध नाही. मराठ्यांच्या फौजेत शिंग होते, कर्णा होता, तुतारी होती, नगारा-नौबत होती. बिगूल नव्हता. तरीही अडीचशे वर्षांचा इतिहास सांगणाऱ्या या रेजिमेंटच्या ओळखीतून सगळ्यांत हटवायला कठीण ठरले ते हेच परदेशी वाद्य.

सातारा आणि सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात हा बिल्ला घरोघरी ओळखीचा. कवठे महांकाळ, जत, आटपाडी, पलीकडे माण आणि खटाव हे सगळे तालुके पर्जन्यछायेत येतात. अग्रणी नदी वर्षातला बराच काळ कोरडीच. म्हैसाळ योजनेचे पाणी आणि त्याच्या जोरावर वाढलेल्या द्राक्षबागा या अलीकडच्या गोष्टी. त्याआधी कोरडवाहू जमिनीवर सगळ्या भावांचे भागत नसे. मग एक मुंबईची गिरणी गाठायचा, दुसरा मिरजेहून गाडी पकडून बेळगावला भरतीला जायचा. तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. आजच्या जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यात होता आणि बाकीचा सांगली, मिरज, जत अशा संस्थानांत विखुरलेला होता. कवठे महांकाळजवळचे कुची हे सांगली संस्थानातल्या एका तालुक्याचे नाव. १९४९ साली 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. पलटणीत मात्र या भागातला गडी पूर्वीपासून एकाच नावाने ओळखला जाई: 'गणपत'. मराठा जवानाचे लष्करातले हे लाडाचे नाव आजही चालते.

आता बिगुलाकडे वळू. अठराव्या शतकात युरोपातले पायदळ रांगा धरून लढत असे आणि हुकूम ढोलावर मिळत. जर्मनीतल्या हॅनोवरसारख्या राज्यांनी जंगलातले शिकारी आणि वनरक्षक यांच्या वेगळ्या तुकड्या उभारल्या. ही माणसे रांगेत उभी राहत नसत. झाडाझुडपांच्या आडोशाने पुढे सरकायचे, नेम धरून गोळी घालायची आणि जागा बदलायची, ही त्यांची रीत. ओढे-बांध ओलांडत धावणाऱ्या माणसाला गळ्यात ढोल अडकवून कसे चालेल? त्यांनी आपले शिकारीचे शिंगच युद्धात आणले. त्याचा आवाज दूर जाई आणि पळतापळता वाजवता येई. इंग्लंडच्या गादीवर तेव्हा हॅनोवर घराण्याचे राजे होते, त्यामुळे ही युक्ती इंग्रजांकडे जायला वेळ लागला नाही. १८०३ पासून शॉर्नक्लिफच्या छावणीत सर जॉन मूरने 'लाइट इन्फन्ट्री' नव्याने घडवली. मिनिटाला १४० पावलांची झपझप चाल आणि टोपीवर दोरीने टांगलेला बिगूल ही या पायदळाची खूण बनली. लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई स्वतःला साध्या पायदळापेक्षा वरचे समजत, आणि तसे समजावे हाच सरकारचा हेतू होता. हा किताब सहसा मागून मिळत नसे. तो कमवावा लागे.

मुंबई फौजेतल्या एका पलटणीने तो बलुचिस्तानातल्या काहान नावाच्या ओसाड किल्ल्यात कमावला.

१८४० च्या मे महिन्यात, पहिल्या अफगाण युद्धाच्या धामधुमीत, कॅप्टन लुईस ब्राउनच्या हाताखाली मुंबईच्या पाचव्या नेटिव्ह इन्फन्ट्रीची तुकडी मरी टोळ्यांच्या मुलखात घुसली आणि तिने काहान ताब्यात घेतले. किल्ला रिकामाच मिळाला. ते सुदैव नव्हते हे लवकरच कळले. रसद आणून पोचवणारी सोबतची तुकडी उंटांसह परत निघाली आणि डोंगराच्या खिंडीत मरी लोकांनी तिची कत्तल केली. तिचा नायक लेफ्टनंट क्लार्क तिथेच पडला. किल्ल्यातली माणसे एकटी उरली. ऊन, तोकडे पाणी, ताप आणि बाहेर दबा धरून बसलेले मरी अशा स्थितीत त्यांनी सगळा पावसाळा काढला. पाऊस अर्थात नावालाच. ३१ ऑगस्टला मेजर क्लिबॉर्न मदतीला निघालेली फौज घेऊन नफुस्क खिंडीपाशी आला आणि तिथेच पिटला गेला. त्या दिवशी तहानेने आणि उष्माघातानेही त्याची माणसे मेली. म्हणजे आता कुणी येणार नव्हते. शेवटी मरी सरदार दोदा याने ब्राउनशी बोलणी केली आणि २८ सप्टेंबरला तुकडी शस्त्रांसह, आपली तोफही मागे न टाकता, काहानबाहेर पडली. मरी सरदाराने दिलेला शब्द पाळला, हेही सांगायला हवे. इंग्रजी वृत्तांतांत तो 'रानटी' म्हणूनच येतो.

पुढच्याच वर्षी, १८४१ मध्ये, पाचव्या पलटणीला 'लाइट' हा किताब मिळाला. तीच पुढे १०५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि नंतर रेजिमेंटची दुसरी बटालियन, 'काली पाचवी' झाली. बिल्ल्यावरच्या बिगुलाचा आवाज मराठी शिपायाच्या वाट्याला आला तो असा. म्हणून शोभेसाठी उसना घेतलेला अलंकार असे त्याला म्हणता येत नाही.

पण काहानच्या त्या पलटणीला 'मराठा' म्हणणे तितकेसे खरे नाही. त्या काळच्या मुंबई फौजेत जातवार पलटणी नव्हत्या. एकाच कंपनीत कोकणातले मराठे, महार, मुसलमान, उत्तरेकडचे परदेशी आणि बेने इस्रायलीही असत. मुंबई बेटांच्या रखवालीसाठी ऑगस्ट १७६८ मध्ये उभी राहिलेली बटालियन, म्हणजे आजची पहिली मराठा अर्थात 'जंगी पलटण', तीही अशीच मिश्र होती. शिवाय या पलटणी ज्या कंपनी सरकारच्या पदरी होत्या, त्या सरकारने पेशवाई बुडवली. 'मराठा' हे नाव त्यांना बऱ्याच उशिरा, १९०३ साली किचनेरने फौजेचे क्रमांक बदलले तेव्हा मिळाले. १०३, १०५ आणि ११० या पलटणी 'मराठा लाइट इन्फन्ट्री' झाल्या, तर ११४, ११६ आणि ११७ नुसत्या 'मराठा' राहिल्या. १९२२ साली या सहाही एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री बनली आणि तिचे केंद्र बेळगावला आले. तेव्हा निम्म्या पलटणींकडे बिगुलाचा हक्क होता, निम्म्यांकडे नव्हता. एकत्रीकरणात तो सगळ्यांनाच लाभला.

मधल्या काळात पहिले महायुद्ध होऊन गेले होते. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी त्यांना कोंडले. डिसेंबर १९१५ पासून चाललेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीत संपला आणि त्यानंतर वाळवंटातून चालवत नेलेल्या कैद्यांपैकी कितीतरी वाटेतच मेले. सातारा जिल्ह्यातल्या ज्या आपशिंगे गावाला 'मिलिटरी आपशिंगे' म्हणतात, त्या एका गावचे ४६ जण या महायुद्धात कामी आले. ११७ व्या पलटणीला पुढे 'रॉयल' ही पदवी मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात मराठा जवानाच्या टोपीवर बिगूल होता आणि इंग्रजांचा राजमुकुटही होता. ओठांवर मात्र वेगळेच नाव आले. १९४१ साली इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर इटालियन फौजेशी लढताना मराठा जवानांनी 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही गर्जना दिली आणि ती सगळ्या रेजिमेंटची युद्धघोषणा झाली. पुढे इटलीत यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घाडगे यांना तो मरणोत्तर. याच वर्षांत सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. कुंडलच्या तुफान सेनेतली पोरे आणि इटलीच्या आघाडीवरचे गणपत एकाच मातीतले. एकाच जिल्ह्याने राजाच्या मुकुटाखाली लढणारेही पुरवले आणि त्या राजाचे सरकार उलथवणारेही. जिल्ह्याच्या इतिहासात हे दोन्ही प्रकार सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. ते शेजारी ठेवून वाचायला हवेत.

१९५० मध्ये प्रजासत्ताक आले आणि बिल्ल्यावरून मुकुट उतरला, त्या जागी सिंह बसले. नावामागचा पाचवा क्रमांकही गळाला. कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स रेजिमेंटमध्ये विलीन झाली. आज बिल्ल्यावरच्या ढाल-तलवारी थेट शिवकाळाची आठवण देतात. त्या काळची खरी ढाल कातड्याची, चांगल्यातली असेल तर गेंड्याच्या कातड्याची. तिच्या दर्शनी बाजूला धातूच्या चार फुल्या असत. त्या निव्वळ नक्षी नव्हत्या. आतल्या बाजूने हात घालायच्या पट्ट्या ज्या खिळ्यांनी पक्क्या केलेल्या असत, त्यांची ती टोपणे होती. तलवार आणि ढाल मराठ्यांची, बिगूल हॅनोवरच्या शिकाऱ्यांचा आणि सिंह सारनाथचे. एवढ्याशा धातूच्या तुकड्यात इतकी सरमिसळ असून ती डोळ्यांना खटकत नाही, याचे श्रेय काहान, कुत आणि केरेनला द्यावे लागते.

याच बेळगावात, याच मुंबई फौजेच्या दुसऱ्या फांदीतून निघालेल्या एका बिल्ल्याची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही.

१ जानेवारी १८१८ ला भीमेकाठच्या कोरेगावात कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची सुमारे ८०० माणसे दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेच्या तुकड्यांशी दिवसभर लढली आणि गाव सोडून हटली नाहीत. कंपनी सरकारने तिथे दगडी स्तंभ उभारला आणि पडलेल्यांची नावे त्यावर कोरली. त्यांतली बावीस नावे 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. कोरेगावात लढलेली मुख्य पलटण पुढे ग्रेनेडियर्समध्ये गेली, म्हणून लढाईचा अधिकृत मान त्या रेजिमेंटकडे गेला. ग्रेनेडियर्सच्या चिन्हात हॅनोवरचा पांढरा घोडा आहे. मुंबई फौजेच्या दोन वारसदारांकडे त्या एका जर्मन राजघराण्याच्या दोन खुणा, हा योगायोग गमतीचा आहे. ज्यांची नावे दगडावर होती, त्यांच्या जातीकडे मात्र काहीच उरले नाही. 'लढाऊ जमाती' नावाच्या सोयीस्कर सिद्धांताचा आधार घेऊन इंग्रजांनी १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरतीच थांबवली.

या निर्णयाची झळ साताऱ्याला चांगली ठाऊक होती. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले रामजी सकपाळ कुटुंबासह साताऱ्यात राहिले होते आणि त्यांचा मुलगा भीमराव (पुढचे डॉ. आंबेडकर) १९०० साली तिथल्याच शाळेत दाखल झाला. बापाला जी नोकरी मिळाली होती, ती मुलाच्या पिढीला बंद झाली होती. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा उघडावी म्हणून सरकारकडे अर्ज केले. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये '१११ वी महार' पलटण उभी राहिली. युद्ध संपताच, १९२१ मध्ये, ती मोडण्यात आली. गरजेपुरते बोलवायचे आणि गरज सरली की घरी पाठवायचे, असा हा व्यवहार होता. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, ते या साऱ्याचा हिशेब मागण्यासाठीच. ज्या सरकारने हा दगड उभारला, त्याच सरकारला तो दाखवून प्रश्न विचारायचा होता.

उत्तर मिळायला दुसरे महायुद्ध यावे लागले. १९४१ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. बिल्ला कसला असावा, हा प्रश्न फार काळ अडला नाही. टोपीवर कोरेगावचा स्तंभ आला. भरतीबंदीला पन्नास वर्षांनी दिलेला हा जबाब होता आणि तो पितळेत ओतलेला होता. रेजिमेंटच्या बिल्ल्यात सहसा विजय किंवा राजाची मेहेरबानी असते. इथे एका समाजाचा अर्ज होता.

ऑक्टोबर १९४६ मध्ये महार रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिचे केंद्र कामठीला गेले. बिल्ल्यावर एकमेकींना छेद देणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. व्हिकर्स ही पाण्याने थंड राहणारी, तिवईवर बसवायची जड बंदूक. ती एका माणसाच्या आवाक्यातली नव्हे. कुणी बंदूक वाहायची, कुणी तिवई, कुणी पाणी आणि कुणी गोळ्यांचे पट्टे, असा सहा जणांचा संच लागे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बिगूल झपझप चालणाऱ्याची खूण, तर महारांची व्हिकर्स जागेवर पाय रोवून बसणाऱ्याची. १९६० च्या दशकात रेजिमेंट पुन्हा साधे पायदळ झाली आणि व्हिकर्स लष्करातूनच हद्दपार झाली, पण बिल्ल्यावरून ती कुणी काढली नाही.

स्तंभाच्या नशिबी हे आले नाही. स्वातंत्र्यानंतर तो बिल्ल्यावरून उतरला आणि त्या जागी कट्यार आली. भारतीय राजसत्तांचा पाडाव करून मिळालेले लढाईचे मान साजरे करायचे नाहीत, असे धोरण स्वतंत्र भारताच्या लष्कराने धरले. त्या यादीत प्लासी आहे, श्रीरंगपट्टण आहे, खडकी आहे आणि कोरेगावही आहे. धोरण म्हणून ते समजण्यासारखे आहे. स्वतंत्र देशाच्या फौजेने पेशव्यांच्या पराभवाचा उत्सव का करावा? पण स्तंभ बिल्ल्यावर आला होता तो पेशव्यांच्या पराभवासाठी नव्हे, भरतीच्या हक्कासाठी. या दोन अर्थांतला फरक त्या यादीत मावत नव्हता. बिल्ल्यावरून उतरलेल्या त्या दगडाकडे दर १ जानेवारीला लाखो लोक जातात, हे मात्र कुठल्याही यादीने थांबले नाही. महार रेजिमेंट आज सर्व जातींची आहे, तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर इथे आहे, 'यश सिद्धि' हे तिचे ब्रीद आहे. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख तिने दिले, आणि श्रीलंकेत १९८७ मध्ये पडलेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

चिन्हे बदलण्याचा हा खेळ अजून संपलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाच्या निशाणावरून इंग्रजांचा सेंट जॉर्ज क्रॉस कायमचा गेला आणि त्यावर अष्टकोनी आकृती आली. हा अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतल्याचे नौदलाने सांगितले. म्हणजे मराठ्यांचे स्वतःचे अस्सल चिन्ह पायदळाच्या टोपीऐवजी गलबतावर जाऊन बसले. कान्होजी आंग्र्यांना यात वावगे वाटले नसते.

कवठे महांकाळसारख्या तालुक्यांत आजोबा-पणजोबांची ट्रंक असलेली घरे कमी नाहीत. तिच्यात जुना बिल्ला सापडला तर तो भंगारवाल्याला देण्याआधी नीट पाहावा. वर राजमुकुट असेल तर तो १९५० पूर्वीचा, सिंह असतील तर त्यानंतरचा. बिगूल असेल तर मराठा लाइट इन्फन्ट्री हा पहिला अंदाज. स्तंभ असेल तर तो १९४१ नंतरच्या मोजक्या वर्षांतला आहे आणि असे बिल्ले फारसे उरलेले नाहीत. चिंच किंवा पॉलिश लावून तो घासू नका. अक्षरे आणि बारीक कोरीव रेषा आधी त्यातच जातात. सोबत पेन्शनचे कागद किंवा सर्व्हिस बुक असेल तर ते बिल्ल्याबरोबरच ठेवा आणि घरात जे वडीलधारे आहेत त्यांना विचारून नाव, गाव आणि पलटण कागदावर लिहून काढा. नाव जोडलेले नसेल तर तो बिल्ला संग्रहालयालाही फारसा उपयोगी पडत नाही.